संगणक-जालांचे मापन आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष : एक चिकित्सा

प्रस्तावना

दुय्यम आधारसामग्री वापरताना ती कोणी, कोणत्या साधनाने आणि कोणत्या हेतूने गोळा केली हे आधी तपासावे, असे सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांना आवर्जून शिकविले जाते. संगणकशास्त्रात यंत्रच मोजमाप करीत असल्याने तेथे या सावधगिरीची फारशी आवश्यकता नाही, असा एक समज आढळतो. इंटरनेटच्या रचनेविषयी १९९९ ते २००९ या काळात झालेला वाद हा समज खोडून काढतो. प्रस्तुत लेखात या वादातील दोन्ही पक्षांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

वादाचा आरंभ

१९९९ मध्ये मिखालिस, पेट्रोस आणि ख्रिस्तोस फालूत्सोस या तीन बंधूंनी एक संशोधन निबंध प्रसिद्ध केला. इंटरनेटमधील मोजक्या बिंदूंना फार मोठ्या संख्येने दुवे जोडलेले असतात, तर बहुसंख्य बिंदूंना एक-दोनच. आणि ही विषमता घातनियमाने व्यक्त करता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी दोन प्रकारची सामग्री वापरली. पहिली स्वायत्त जालांची, म्हणजे सेवापुरवठादार, विद्यापीठे आदी संस्था स्वतंत्रपणे चालवीत असलेल्या जालांची. ती १९९७ व १९९८ मधील होती. दुसरी राऊटरांची, ती १९९५ मध्ये गोळा झालेली असून तीत ३,८८८ राऊटर व ५,०१२ दुवे होते.

पुढच्याच वर्षी रेका आल्बर्ट, होवूंग जिओंग आणि आल्बर्ट-लास्लो बाराबासी यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. स्वायत्त जालांच्या नकाशातील बिंदू यदृच्छेने काढले तर जाल टिकून राहते. परंतु सर्वाधिक दुवे असलेले बिंदू निवडून काढले तर त्याचे तुकडे होतात, असे त्यांनी दाखविले. ‘अकिलीसची टाच’ ही उपमा तेव्हापासून इंटरनेटला चिकटली आणि ती संशोधनाबाहेरच्या लेखनातही रूढ झाली.

मापनाच्या साधनाची मर्यादा

राऊटरांचे नकाशे प्रामुख्याने ‘ट्रेसराऊट’ या साधनावर आधारलेले असतात. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये ते तयार केले, ते संदेश कोणत्या वाटेने जातो आणि कोठे अडतो हे शोधण्यासाठी. प्रत्येक संदेशासोबत तो किती टप्पे जाऊ शकेल याची एक संख्या असते. ती संपते त्या ठिकाणचा राऊटर संदेश टाकून देतो व तसे मूळ संगणकास कळवितो. ही संख्या एकेकाने वाढवीत गेल्यास वाटेवरील राऊटरांची यादी मिळते.

दुरुस्तीच्या कामासाठी हे साधन उत्तम आहे. नकाशा काढण्यासाठी मात्र त्यात तीन दोष संभवतात. एक, उत्तरात राऊटरचा नव्हे तर त्याच्या एका जोडणीचा पत्ता येतो. त्यामुळे एकच राऊटर अनेक राऊटरांसारखा भासू शकतो. दोन, काही जालांत राऊटरांच्या खाली असलेली जोडणीची यंत्रणा या साधनाला दिसत नाही. अशा यंत्रणेच्या कडेला असलेले राऊटर परस्परांना थेट जोडलेले भासतात आणि त्यांच्या दुव्यांची संख्या अवास्तव फुगते. तीन, थोड्या ठिकाणांहून पुष्कळ ठिकाणांकडे वाटा शोधल्या तर आरंभस्थानाजवळचे बहुतेक दुवे सापडतात, दूरचे आडवे दुवे निसटतात.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. अनुकूल लखिना, जॉन बायर्स, मार्क क्रोवेला व पेंग शी यांनी २००३ मध्ये दाखविले की, ज्या आलेखात अशी विषमता मुळातच नाही त्याचाही नमुना या पद्धतीने घेतल्यास त्यात घातनियमासारखी विषमता दिसू लागते. म्हणजे नमुन्यातील घातनियम हा मूळ जालाच्या रचनेचा पुरावा ठरत नाही.

स्वायत्त जालांची सामग्रीही निर्दोष नाही. ती मार्गसारण्यांतून मिळते, आणि प्रत्येक जाल शेजाऱ्याला स्वतः निवडलेलेच मार्ग सांगते. लहान जालांनी आपापसांत केलेल्या जोडण्या त्यामुळे नोंदीत येतच नाहीत. शिवाय स्वायत्त जाल म्हणजे एक यंत्र नव्हे. त्याचे राऊटर अनेक शहरांत, कधी अनेक खंडांत विखुरलेले असतात. असा ‘बिंदू’ कागदावरून पुसणे सोपे. प्रत्यक्षात तो एका घावाने नष्ट कसा होणार, याचे उत्तर त्या लेखात मिळत नाही.

प्रतिपक्षाची भूमिका व तिच्या उणिवा

वॉल्टर विलिंगर, डेव्हिड आल्डरसन व जॉन डॉइल यांनी २००९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये या सर्व गोंधळाचा परामर्श घेतला. १९९५ ची सामग्री पान्सिओ व ग्राड यांनी वेगळ्याच प्रश्नासाठी गोळा केली होती, आणि तिच्या मर्यादा त्यांनी स्वतःच नोंदविल्या होत्या, याकडे त्यांनी लक्ष वेधले. राऊटर एकतर थोड्या वेगवान जोडण्या सांभाळतो किंवा पुष्कळ मंद जोडण्या. म्हणून जास्त दुव्यांचे राऊटर जालाच्या गाभ्यात नव्हे, तर ग्राहकांच्या बाजूस, कडेला असण्याचा संभव अधिक, असा त्यांचा अभियांत्रिकी युक्तिवाद आहे. तो प्रस्तुत लेखकास पटतो.

तथापि त्यांची प्रत्यक्ष उदाहरणे प्रामुख्याने अमेरिकेतील ‘अबिलीन’ या शैक्षणिक जालासारखी आहेत. अशा जालांचे नकाशे खुले होते. व्यापारी कंपन्या आपले नकाशे गोपनीय ठेवतात. जे उपलब्ध आहे त्यावरून सर्वांविषयी बोलण्याचा मोह या पक्षालाही पूर्णतः टळलेला नाही, असे नम्रपणे नोंदवावे लागते.

खरी दुर्बलता

इंटरनेट नाजूक नाही असा याचा अर्थ नव्हे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने देशांतर्गत यूट्यूब बंद करण्यासाठी एक मार्ग जाहीर केला. तो देशाबाहेर पसरला आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब मिळेनासे झाले. एकही यंत्र बिघडले नव्हते, एकही दुवा तुटला नव्हता. शेजाऱ्याने सांगितलेल्या मार्गावर विश्वास ठेवण्याच्या पद्धतीत ही दुर्बलता होती. बिंदू व दुवे मोजणाऱ्या नकाशात ती दिसणे शक्यच नव्हते.

समारोप

फालूत्सोस बंधूंचे श्रेय यामुळे कमी होत नाही. मोजमापाच्या आधारे इंटरनेटच्या रचनेचा विचार करण्यास त्यांनी मोठी चालना दिली. दोष घडला तो नंतरच्या प्रवासात. सामग्री गोळा करणाऱ्यांनी घातलेल्या मर्यादा प्रत्येक पुढच्या लेखात गळत गेल्या आणि शेवटी केवळ एक आकर्षक उपमा उरली. आपल्या महाविद्यालयांतही दुसऱ्यांच्या आकडेवारीवर शोधनिबंध लिहिले जातात. त्या आकडेवारीचे मूळ टिपण वाचल्याशिवाय निष्कर्षाकडे वळू नये, एवढा बोध या वादातून प्रत्येक विद्याशाखेच्या अध्यापकाने घ्यावा.