अँडी गिलचे उसने वारसदार

गँग ऑफ फोर या बँडचा गिटारवादक अँडी गिल फेब्रुवारी २०२० मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी ‘द प्रॉब्लेम ऑफ लेझर’ हा त्याच्या गाण्यांचा गौरव-अल्बम निघाला. त्यातले ब्रिस्टलच्या आयडल्स या बँडचे ‘डॅमेज्ड गुड्स’ ऐकताना चीड येते ती ते वाईट वाजवले म्हणून नव्हे. वाजवले आहे चांगलेच, अंगात जोर आहे, गिलची ती खरखरीत धारही नीट उचलली आहे. उचलायचे राहिले ते गिलचे थांबणे. सध्या इंग्लंडात पोस्ट-पंकच्या नावाखाली जे चालले आहे त्यातल्या बहुतेकांची गत हीच आहे.

गँग ऑफ फोरचा ‘एंटरटेनमेंट!’ १९७९ मध्ये आला. त्या रेकॉर्डवर गिलने गिटारचा मानपान काढून घेतला. लांबलचक सोलो नाही आणि व्हॉल्व्ह अँप्लिफायरची ऊबही नाही. मुद्दाम निवडलेल्या ट्रान्झिस्टर अँपचा कोरडा, काचेसारखा आवाज तेवढा आहे. गिटारवादक विल्को जॉन्सनकडून त्याने तुटक ऱ्हिदम घेतला खरा, पण जॉन्सनच्या वाजवण्यातली मैफलीची मौज बाहेरच ठेवली. ‘नॉट ग्रेट मेन’मध्ये गिटार ताशासारखी तडतडते, मध्येच गप्प होते, आणि त्या रिकाम्या जागेतून डेव्ह ॲलनचा बास व ह्यूगो बर्नहॅमचे ड्रम पुढे येतात. ‘अँथ्रॅक्स’मध्ये तो याच्याही पुढे जातो. सुरुवातीला नुसता फीडबॅक, कितीतरी वेळ विव्हळणारा. मग ड्रम आणि बास. आणि मग एकाच वेळी दोन आवाज. गायक जॉन किंग प्रेमाच्या दुखण्याबद्दल गातो, तर दुसरीकडे गिल कोरड्या सुरात प्रेमगीतांबद्दल बोलत राहतो. कोणाचे ऐकायचे हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. लीड्स विद्यापीठात कला शिकलेल्या गिल आणि किंगच्या या बँडचे राजकारण शब्दांइतकेच या मांडणीत होते: चौघांपैकी कोणीही कोणावर स्वार नाही.

गिलच्याच पिढीतला गिटारवादक बर्नार्ड सम्नर याच्या वंशातले धुके पांघरलेले गिटारवादन आजही खपते, खपू दे. त्या पिढीतला कीथ लेव्हीन हा खरा तोलामोलाचा गडी, पण ‘मेटल बॉक्स’ या अल्बममधला त्याचा झंकार इतका एकट्याचा आहे की त्याचे घराणे होणे शक्य नव्हते. घराणे होण्यासारखे होते ते गिलचे, कारण तो सूर नव्हे, पद्धत देऊन गेला. आणि वारसदारांनी पद्धत सोडून सूर घेतला.

यावर कोणी म्हणेल, गिलनेच ती पद्धत मोडली. खरे आहे. २००५ च्या ‘रिटर्न द गिफ्ट’मध्ये बँडने जुनीच गाणी नव्याने रेकॉर्ड केली, ड्रम अधिक दणकट केले, आणि गाणी जड झाली. पण यातून माझा मुद्दाच पक्का होतो: तीच माणसे, तीच गाणी, जागा बुजली की जादू संपते. दुसरा आक्षेप असा की आजचा राग मोठा आहे, त्याला आवाजही मोठाच हवा. मग थॅचरबाईंच्या राज्यात राग लहान होता काय? १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात बीबीसीने गँग ऑफ फोरचे ‘आय लव्ह अ मॅन इन अ युनिफॉर्म’ वाजवणे बंद केले, ते काही आवाज मोठा होता म्हणून नव्हे. गाणे नाचवत नाचवत बोचत होते म्हणून. सगळीकडून आवाज भरला की ऐकणाऱ्याला मान डोलवण्यापलीकडे काम उरत नाही. सभेत घोषणेला घोषणा द्यावी तसे. दोन-दोन गिटार घेऊन सतत गर्जणारे बँड राजकीय गाणी करतात असे ज्यांना वाटते, त्यांनी २०२० मध्येच आलेले रन द ज्युअल्सचे ‘द ग्राउंड बिलो’ ऐकावे. गँग ऑफ फोरच्या ‘ईथर’मधला गिलचा तुकडा त्यांनी उचलला आणि त्याच्या फटींतून आपले शब्द सोडले. गिटार हातात न घेणाऱ्या दोन अमेरिकन रॅपरांना जे उमगले, ते ब्रिस्टलच्या गिटारवाल्यांना उमगू नये, याला कानाचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही. गप्प बसायला जो आत्मविश्वास लागतो, तोच या मंडळींकडे नाही.