नळासमोरचा कॅमेरा

माझ्या पहिल्या माहितीपटात लोणार सरोवर होतं, दैत्यसूदन मंदिर होतं आणि ड्रोननं आकाशातून घेतलेली सात दृश्यं होती. माणूस एकही नव्हता. पुण्यात चित्रपटाचा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा पहिलंच काम मिळालं: आपापल्या जिल्ह्यावर दहा मिनिटं. मी चिखलीची. कॅमेरा हातात घेण्याआधीच माझं निवेदन लिहून तयार होतं. उल्केच्या आघातानं बेसॉल्ट खडकात पडलेलं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यास, खारट आणि अल्कधर्मी पाणी, जून २०२० मध्ये गुलाबी झालेला रंग, त्याच वर्षी मिळालेला रामसर दर्जा. मग त्या वाक्यांवर डकवायला चित्रं गोळा करत फिरले. वर्गात दाखवल्यावर कोल्हापूरच्या एका मैत्रिणीनं विचारलं, "हे सगळं मला वाचूनही कळलं असतं. तू तिथं गेलीस तेव्हा काय झालं?"

झालं होतं बरंच काही. कमळजादेवीची ओटी भरायला निघालेल्या दोन बायकांनी विवरात कसं उतरायचं, पाय कुठं आडवा टाकायचा, हे मला हाताला धरून शिकवलं होतं. त्या वेळी माझा कॅमेरा बॅगेत होता, कारण निवेदनात त्यांच्यासाठी वाक्य नव्हतं.

या सवयीची मुळं खोल आहेत. या कलाप्रकाराला आपण माहितीपट म्हणतो, आधीच्या पिढीचा शब्द अनुबोधपट. एक शब्द माहिती देतो, दुसरा बोध देतो. दोन्हींत देणारा ठरलेला आणि घेणारा गप्प बसलेला. आपल्याकडची सुरुवात मात्र अशी नव्हती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. ती नुसती बघायची होती. दोन पैलवान आणि त्यांचा डाव, एवढंच. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झालं आणि मुख्य चित्रपटाआधी सरकारी माहितीपट दाखवणं थिएटरांना सक्तीचं झालं, तेव्हापासून तो भारदस्त, सर्वज्ञ आवाज आपल्या कानात बसला. धरण, पोलाद, कुटुंबनियोजन, लोकनृत्य, सगळं त्याच एका सुरात. त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये 'आय ॲम ट्वेंटी' केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुलंमुली त्यात थेट कॅमेऱ्याशी बोलतात आणि देशाबद्दल एकमेकांशी न जुळणारी मतं मांडतात. प्रमोद पतींनी तर पडद्यावर नुसता लयीचा स्फोट घडवला. तरीही आपण त्या संस्थेकडून वारशात घेतला तो आवाज. शास्त्री आणि पती यांना आपण विसरलो, ही मला आपल्या माहितीपटाची सर्वांत मोठी हानी वाटते.

बिल निकोल्स या अमेरिकन अभ्यासकानं माहितीपटाच्या सहा रीती सांगितल्या आहेत. पहिल्या वर्षी त्या परीक्षेपुरत्या पाठ केल्या. त्या कळल्या दुसऱ्या वर्षी, एकच विषय वेगवेगळ्या रीतींनी चित्रित करायचा होता तेव्हा. मी विषय घेतला मामीच्या घरचं पाणी.

आमच्या जिल्ह्यात माणूस कुठला हे विचारताना 'घाटावरचा की घाटाखालचा' असं विचारतात. चिखली घाटावर, मामाचं गाव घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी आहे, पण त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि मूत्रपिंडाचे आजार गावोगाव आहेत. पिण्याचं पाणी नळाला येतं ते आठवड्यातून एकदा, नाहीतर विकतच्या जारमधून.

निवेदनाच्या रीतीनं हा विषय एका दुपारी उरकला. क्षारांचं प्रमाण, डॉक्टरांचं मत, नकाशा. पुन्हा पाहिलं तेव्हा गावाचं नाव बदललं असतं तरी चालेल असा तो झाला होता. मग काव्यात्म रीत. योरिस इव्हेन्सचा १९२९ चा 'रेन' आम्हाला दाखवला होता: ॲमस्टरडॅमवर पडणारा पाऊस, बारा-तेरा मिनिटं, एक शब्द नाही. मी त्याच ओढीनं माठाच्या पोटावर साचलेले पांढरे क्षार टिपले, उन्हात चमकणाऱ्या हंड्यांची रांग टिपली, निळ्या जारमधून गाळून आलेला प्रकाश टिपला. मामीला मोबाइलवर दाखवलं. ती म्हणाली, "माह्यं घर एवढं चांगलं दिसते का वं?" तिला आनंद झाला होता. मला मात्र लाज वाटली, कारण मी तहान देखणी करून ठेवली होती. या रीतीला मी खोटी म्हणणार नाही. मणी कौल यांच्या 'सिद्धेश्वरी'त (१९८९) चित्रपट ठुमरीसारखाच वळतो, मागे येतो, एका जागी घोटाळतो; तिथं सौंदर्य हाच विषय आहे. माझ्या विषयाला ते मानवत नव्हतं.

तिसरी रीत निरीक्षणाची. हलके कॅमेरे आणि चित्रासोबत तिथल्या तिथं आवाज धरणारी यंत्रं १९६० च्या सुमारास आली आणि दिग्दर्शकाला गप्प बसण्याची सोय झाली. मराठी मुलखातलं या रीतीचं मला सर्वांत प्रिय काम म्हणजे शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६). जत्राजत्रांतून तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या शेवटच्या दिवसांवरचा हा चित्रपट काही वर्षांच्या सोबतीतून झाला. त्यात गंजलेला ट्रक आहे, रिळाची वाट पाहणारी गर्दी आहे, प्रोजेक्टर दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेला एक कारागीर आहे. कोणी निवेदन करत नाही, तरी एक धंदा डोळ्यांदेखत मावळतो. तो पाहून मी मामीच्या ओट्यावर तीन दिवस बसले. तिसऱ्या रात्री अडीच वाजता नळ आला. कुठलाही गजर नसताना मामी उठली, शेजारणी उठल्या, अंधारात कोणी कोणाशी बोललं नाही. ती अकरा मिनिटं मी आजवर केलेल्या कामातली सर्वांत खरी आहेत. पण सकाळी मामेभावानं सांगितलं की एरवी नळावर भांडणं होतात, "तू होतीस म्हणून सगळ्या चूप राहिल्या." गप्प बसलेला कॅमेराही गल्लीत पाहुणाच असतो.

मग प्रश्न विचारून पाहावं असं ठरवलं. सहभागी रीत: दिग्दर्शक समोरच्याशी बोलतो आणि ते बोलणं चित्रपटात राहतं. मी विचारलं, "मामी, नळ येत नाही तेव्हा काय वाटतं?" ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "काहून वं माय, रडवाचं हाय काय मले?"

हा प्रश्न तिनं माझ्या एकटीला विचारला असं मी मानत नाही. आमच्या विदर्भाकडे गेल्या दोन दशकांत जे कॅमेरे आले ते बहुतेक रडणं न्यायला आले. कापूस, कर्ज, फोटोला घातलेला हार, शेजारी बसवलेली बाई, आणि तिच्यावर हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा. बातम्यांचं सोडून देते, पण कळकळीनं केलेल्या चित्रपटांतही ही बैठक पुन्हा पुन्हा दिसते. दीपा भाटिया यांच्या 'नीरोज गेस्ट्स'नं (२००९) त्यातून एक वाट काढली. त्यांनी कॅमेरा पी. साईनाथ या पत्रकाराच्या मागे ठेवला आणि त्यांचा संताप मुंबई-दिल्लीच्या सभागृहांत नेऊन आपल्यासारख्या प्रेक्षकाला प्रश्नाच्या पुढ्यात बसवलं. मिका पेलेड यांचा 'बिटर सीड्स' (२०११) यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातला. त्यातली एक तरुण मुलगी माझ्या मनातून जात नाही. तिच्या वडिलांनी आत्महत्या केलेली, तिला पत्रकार व्हायचंय, आणि ती स्वतः गावात फिरून शेतकऱ्यांना विचारत राहते. तिच्या हातात वही आली आणि दुःख दाखवण्याची वस्तू राहिलं नाही. एवढ्या एका निर्णयानं तो चित्रपट इतरांहून वेगळा पडतो.

आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉमरेड'वर (२०११) थोडं थांबायला हवं, कारण मराठी मुलखात घडलेल्या माहितीपटांत मी त्याला पहिलं स्थान देते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तिथून पुढं चौदा वर्षं हा चित्रपट होत राहिला. पटवर्धन कॅमेरा स्वतः धरतात, प्रश्न स्वतः विचारतात, त्यांचा आवाज चौकटीबाहेरून ऐकू येतो. पण चित्रपटाचा युक्तिवाद त्यांच्या तोंडी नाही. तो गाण्यांतून पुढं सरकतो. एक शाहीर जातो, दुसरी पिढी डफ उचलते. चिखलीत १४ एप्रिलला जी गाणी ऐकत मी वाढले, त्यांना कोणी चित्रपटाचा कणा करू शकतं हे मला वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं. इथल्या मातीतला प्रकार उचलून त्यावर चित्रपट उभा केला की रीत परकी राहत नाही. आमच्या घाटाखाली तसे किती प्रकार पडून आहेत! भेंडवळची घटमांडणीच घ्या. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात गोल घट आखतात, अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यावर पाण्याचं भांडं ठेवतात. रात्री तिथं कोणी फिरकत नाही, आणि पहाटे काय हललं, काय भिजलं यावरून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. वाहिन्या पहाटे येतात आणि भाकीत घेऊन जातात. मधली रात्र, जिच्यात सगळा गाव त्या शेताकडे पाठ करून जागा असतो, ती कुठल्याच कॅमेऱ्यात मी पाहिलेली नाही. श्रद्धा खरी की खोटी या वादाच्या आधीची ती रात्र आहे. मला तिचा चित्रपट करायचा आहे.

मामीच्या प्रश्नाला उत्तर मला निपाणीत सापडलं. दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींच्या 'युगांतर' गटानं १९८२ मध्ये तिथल्या तंबाखू कामगार बायकांसोबत 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा चित्रपट केला. वखारीतला धुरळा, कमी मजुरी, संप, हे सारं त्या बायका स्वतः सांगतात. काय दाखवायचं हे त्यांच्याशी बोलून ठरत गेलं. चार दशकांपूर्वी सीमाभागात, मराठी बायकांच्या तोंडून घडलेली ही गोष्ट आमच्या अभ्यासात येते ती निकोल्सच्या कितीतरी नंतर. ती आधी यायला हवी. तिच्यासोबत रीना मोहन यांचा 'कमलाबाई' (१९९२) दाखवायला हवा. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये (१९१३) काम केलेल्या कमलाबाई गोखले म्हातारपणी आपल्या घरात एकट्या वावरतात, जुनी भाषणं तोंडपाठ म्हणतात. आयुष्यभर प्रेक्षकांसमोर उभी राहिलेली ती बाई कॅमेऱ्याला दबत नाही, आणि त्या घरात सत्ता कोणाची हे आपल्याला क्षणभरही विसरता येत नाही.

पायल कपाडिया यांच्या 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग'बद्दल (२०२१) आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त वाद झाले. एका विद्यार्थिनीची कल्पित प्रेमपत्रं आणि त्यांना जोडून विद्यार्थी आंदोलनांची खरी चित्रं; पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला २०१५ चा संप त्यात आहे. कान महोत्सवात माहितीपटाचं पारितोषिक त्याला मिळालं. कल्पित पत्रं असलेला चित्रपट माहितीपट कसा, असं काही जण म्हणाले. मला वाटतं, 'मी' म्हणण्याची मुभा त्यानं आमच्या पिढीला दिली. पण ती मुभा आता इतकी सोपी झाली आहे की प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या एकटेपणावर चित्रपट करतो आहे, आणि गावाकडे परत जाणारे थोडे आहेत.

साधनं मात्र गावात आधीच पोचली आहेत. चिखली-मेहकरच्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे आमच्या अभ्यासक्रमातल्यापेक्षा चांगले कॅमेरे आहेत, हात स्थिर आहे, अंधारात फोकस लावण्याची सवय आहे. तरुण शेतकरी फवारणीपासून बाजारभावापर्यंत सगळं मोबाइलवर टिपतात. उणीव आहे ती पाहण्याच्या जागेची. लहानपणापासून आमच्या जिल्ह्यात मी मोठ्या पडद्यावर एकही माहितीपट पाहिलेला नाही. मुंबईत १९९० पासून माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. तिथवर खामगावचा मुलगा कशाला जाईल? आणि पाहिलंच नाही तर त्याला दुसरी रीत सुचणार कुठून? तो पुन्हा ड्रोनच उडवेल, मी उडवला तसा.

म्हणून माझे चारही तुकडे मी पहिल्यांदा मामीच्या अंगणात, चादर बांधून दाखवले. शेजारणी आल्या, मामा खाटेवर बसले. निवेदनाच्या वेळी मुलं उठून गेली. अडीच वाजताच्या अंधारात मात्र सगळे थांबले. कोणाचा हंडा कुठला हे बायका एकमेकींना सांगू लागल्या. संपल्यावर मी मामीला विचारलं, काय राहिलं? ती लगेच बोलली.

"हंडा भरत आला का त्याचा आवाज बदलते. मी सयपाकघरातून आयकते अन् उठते. तो आवाजच नाई घेतला वं तू."

खरं होतं. मी माइक बायकांकडे वळवला होता, कोणी बोलेल या आशेनं. नळ आदल्याच रात्री येऊन गेला होता, पुढचा आठ दिवसांनी. मी पुण्याचं तिकीट रद्द केलं आणि माइकच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या.