तिसऱ्या आठवड्यात काय होतं?

माझ्या नावावर आजघडीला ३१ ऑनलाइन कोर्स आहेत. त्यातले पूर्ण झालेले चार. नऊ असे, की नाव नोंदवल्यावर मी तिकडे पुन्हा फिरकलोच नाही. त्यात आधुनिक कवितेचा एक आहे, गिटारचा एक आहे आणि 'कसं शिकायचं हे कसं शिकायचं' याचाही एक आहे. तो अर्धवट राहिलाय, हे वेगळं सांगायला नको.

हे मी हसत सांगू शकतो, कारण यातल्या कुठल्याच कोर्सवाचून माझं काही अडलं नाही. ज्याच्यावाचून अडलं असतं तो मी पूर्ण केला होता: अँड्र्यू एन्ग यांचा मशीन लर्निंगचा कोर्स, २०१७च्या सुरुवातीला, हॉस्टेलच्या खोलीत. जिओ येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. तोवर पेनड्राइव्हवरून फिरणारे व्हिडिओ आता थेट फोनवर उघडत होते. आमच्या कॉलेजात हा विषय शिकवणारं कुणी नव्हतं, आणि इथे स्टॅनफर्डचा प्राध्यापक तो आम्हाला शिकवत होता. फुकट.

तो कोर्स बांधलेलाही सुरेख होता. पहिलंच उदाहरण अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातल्या घरांच्या किमतींचं. पोर्टलंड नकाशावर कुठे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण स्क्वेअर फुटाचा भाव कुणालाही कळतो. एन्ग घाई करत नाहीत. कॅल्क्युलस येत नसेल तर घाबरू नका, असा दिलासा मधूनमधून देत राहतात. व्हिडिओ मध्येच थांबतो, एक प्रश्न विचारतो. उत्तर चुकलं तर चुकलं. मागच्या बाकावरून कुणी हसत नाही. वर्गात इंग्रजीत तोंड उघडायला घाबरणाऱ्या आमच्यासारख्यांना हे केवढं मोठं होतं, ते सगळ्यांनाच कळेल असं नाही.

या प्रकारातली गोची मला फार उशिरा दिसली, तीही दुसरेच व्हिडिओ बघताना. गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर कित्येक वर्षं आहेत. तिथे खरा वर्ग आहे, खडू-फळा आहे. स्ट्रँग प्रश्न टाकतात, थांबतात, वर्गाकडे बघतात. कुणाच्या तरी कपाळावर त्यांना आठी दिसली असावी. मग तीच गोष्ट ते दुसऱ्या बाजूने सांगतात. ती आठी माझीही असते. खास कॅमेऱ्यासाठी केलेल्या कोर्समध्ये शिक्षक सतत माझ्याकडे बघतो, मला 'तुम्ही' म्हणतो, पण त्याच्यासमोर कुणीच नसतं. लाखभर लोकांशी एकदम बोलायचं तर एक विद्यार्थी मनात कल्पावा लागतो, आणि तो कल्पिलेला विद्यार्थी बहुतेक वेळा त्याच्याच विद्यापीठातला निघतो.

(मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्सचं लघुरूप मराठीत लिहिलं की 'मूक' होतं. हा विनोद माझा नाही, लिपीचा आहे.)

या मूकची हवा झाली ती २०११च्या ऑक्टोबरपासून. सेबास्टियन थ्रून आणि पीटर नॉर्व्हिग यांनी स्टॅनफर्डमधला आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स सगळ्यांना खुला केला आणि सुमारे १,६०,००० लोकांनी नावं नोंदवली. वीसेक हजारांनी तो पूर्णही केला. पुढच्याच वर्षी युडॅसिटी, कोर्सेरा आणि एडएक्स उभे राहिले. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ला मूकचं वर्ष म्हणून टाकलं. ५० वर्षांत जगात उच्च शिक्षणाच्या दहाच संस्था उरतील, असं भाकीत थ्रून यांनी केलं.

मग २०१३ आलं. युडॅसिटीने कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर तीन प्राथमिक विषय ऑनलाइन शिकवायला घेतले: शाळेच्या गणिताची उजळणी, बीजगणित आणि सांख्यिकी. विद्यार्थी स्टॅनफर्डचे नव्हते. गणितात आधी नापास झालेले, शाळेत शिकणारे, कमी पैशांच्या घरांतले होते. म्हणजे ज्यांच्या नावाने हे स्वप्न विकलं जात होतं, नेमके तेच. निकाल इतका पडला की जुलैत प्रयोग थांबवावा लागला. त्या वर्षअखेरीच्या एका मुलाखतीत थ्रून यांनी आपलं प्रॉडक्ट वाईट असल्याचं मोकळेपणाने कबूल केलं. हा प्रामाणिकपणा मला आवडला होता. पण त्याच मुलाखतीत पुढे ते म्हणाले, की ही मुलं अवघड वस्त्यांमधली, त्यांच्याकडे कॉम्प्युटरची धड सोय नाही, त्यांना हे माध्यम मानवणारं नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मान डोलावली होती. आता वाचलं की औषध उतरलं नाही म्हणून रोगी बदलणाऱ्या डॉक्टरची आठवण होते. नंतर युडॅसिटी नोकरदारांना आणि कंपन्यांना शिकवण्याकडे वळली. एडएक्सचं पुढे काय झालं तेही बघा: २०२१मध्ये ८० कोटी डॉलरला टूयू या कंपनीने ते विकत घेतलं आणि २०२४मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

आकडे तर वाईट आहेतच. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा सहा वर्षांचा अभ्यास २०१९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी कोर्स एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८मध्ये पूर्ण करणारे ३ टक्क्यांच्या आसपास होते.

यावर समर्थकांचं एक ठेवणीतलं उत्तर असतं, आणि पाचसहा वर्षं मीही ते देत होतो: लायब्ररीत गेलेल्या माणसाने सगळं पुस्तक वाचलं नाही म्हणून लायब्ररी नापास होते का? युक्तिवाद खोटा नाही. माझ्या गिटारच्या कोर्सला तो तंतोतंत लागू पडतो. फक्त तो बाकी सगळ्यांना लागू पडतो असं मी धरून चाललो होतो.

२०२१मध्ये मी माझ्या मावसबहिणीला प्रोग्रॅमिंगच्या एका फुकट कोर्सला घातलं. ती बीड जिल्ह्यातल्या एका गावात राहते, तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, कॉलेज बंद होतं. लिंक पाठवली, दोन प्रेरणादायी मेसेज पाठवले, माझं काम झालं. तिसऱ्या आठवड्यात ती थांबली. मी फोनवर म्हणालो, "अगं, दिवसातला एक तास निघत नाही का?" ती म्हणाली, "काढते दादा."

दिवाळीत मावशीकडे गेलो तेव्हा तिने वही दाखवली. दोनशे पानी, जवळजवळ भरलेली. व्हिडिओखाली येणारं प्रत्येक इंग्रजी वाक्य तिने थांबवून थांबवून उतरवलं होतं आणि खाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिला होता. नऊ मिनिटांच्या व्हिडिओला तिला अख्खी संध्याकाळ लागायची, आणि संध्याकाळही रात्री नऊनंतरची, कारण फोन भावाबरोबर वाटून होता. लॅपटॉप नव्हता. प्रोग्रॅम ती वहीतच लिहायची आणि उत्तर काय येईल ते समोर लिहायची. पहिले दोन आठवडे त्यावर निभावले. तिसऱ्यात लूपच्या आत लूप आला. तो चालवून बघितल्याशिवाय, चुकल्याशिवाय, कळत नाही. "इथं अडलं की कुणाला विचारायचं असतं?" तिने विचारलं. मी म्हणालो, फोरम आहे की. तिने फोरमवर एक प्रश्न टाइप केला होता. इंग्रजी चुकलं असेल म्हणून पुसून टाकला.

कोर्सच्या हिशेबात तिची प्रगती ११ टक्के होती. गिटारचा कोर्स न उघडणारा मी आणि दोनशे पानं भरवणारी ती, दोघेही त्या आकडेवारीत एकाच रकान्यात पडतो.

त्या रात्री मी हॉस्टेलची खोली पुन्हा आठवून पाहिली. एन्ग यांचा कोर्स मी एकट्याने केला, असं मी नोकरीच्या मुलाखतीत छाती फुगवून सांगितलं होतं. खरं असं, की आम्ही चौघं होतो. लॅपटॉप एकाचाच. रविवारची डेडलाइन आली की शनिवारी रात्री सगळे एका पलंगावर. ग्रेडियंट डिसेंट मला एन्ग यांच्याकडून समजला नाही. पलीकडच्या खोलीतल्या एका सीनियरने हॉस्टेलच्या जिन्यावर बॉल सोडून दाखवला तेव्हा समजला. व्हिडिओ फुकट होता. बाकीचं सगळं हॉस्टेलच्या फीमध्ये आलं होतं, आणि ती फी बाबांनी भरली होती.

आपल्याकडे हे कुणाला कळलंच नव्हतं असं नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. घरी पाठवलेल्या पुस्तकांवर भागत नाही म्हणून त्यांनी अभ्यासकेंद्रं ठेवली. आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा. दहाएक मिनिटांचे धडे, मराठीतही, एका खिडकीत व्हिडिओ आणि दुसरीत सॉफ्टवेअर ठेवून बरोबरीने करत जायचं. धडा तयार होताना तो विषय अजिबात न येणाऱ्या माणसाकडून तपासून घेतला जातो. दिसायला अगदी साधे, कधी कधी कंटाळवाणे व्हिडिओ. पण शिकणारा एकटा आहे आणि अडणार आहे, हे त्यांच्या रचनेतच धरलेलं आहे. मला चकचकीत कोर्सेसपेक्षा हे काम मोठं वाटतं.

एनपीटीईएलच्या सर्टिफिकेटला केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि शंभरातले ७५ गुण तिथे असतात, हेही शहाणपणाचं. मात्र आमच्या कॉलेजने ते कोर्स सक्तीचे केले, तेव्हा दर आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपोआप येऊ लागली. शिकण्याची इच्छा असलेल्याला सोबत मिळाली नाही, पण पळवाट शोधणाऱ्यांना मात्र अख्खा ग्रुप मिळाला.

मावसबहीण आता तालुक्याच्या गावी एका दुकानात बिलिंग बघते. तिच्याकडे जुना लॅपटॉप आहे; माझाच, बॅटरी गेलेला. जानेवारीत तिने स्वतःच तोच कोर्स पुन्हा सुरू केला आणि मला म्हणाली, दादा, तूपण नाव घाल. मी म्हटलं, मला येतं की ते सगळं. "मग तर लवकर होईल तुझं," ती म्हणाली.

आज रविवार आहे. साडेनऊला तिचा फोन येईल. तिने तिसऱ्या आठवड्याची असाइनमेंट शुक्रवारीच टाकली आहे. माझी अजून व्हायची आहे.