पडण्याचे भय : मेस्क्लिन ग्रहाचे एक वाचन

मराठीत विज्ञानकथेची चर्चा सुरू झाली की ती लवकरच एका ठरावीक प्रश्नापाशी येऊन थांबते : यात विज्ञान किती आणि कथा किती? जणू दोन्ही जिन्नस वेगवेगळ्या डब्यांतून मोजून काढायचे आणि एकत्र कालवायचे. हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी मी मेस्क्लिन या काल्पनिक ग्रहाकडे वळतो. परग्रहवासीयांच्या कथा पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी बहुतेकांत पाहुणा दिसतो आणि त्याचे घर दिसत नाही. मेस्क्लिनचे तसे नाही. तिथे आधी घर उभे राहिले आणि मग त्यात राहणारे आले.

हाल क्लेमेंट यांची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी १९५३ साली ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. लेखकाचे खरे नाव हॅरी क्लेमेंट स्टब्स. हार्वर्डमध्ये खगोलशास्त्र शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बर विमानांवर वैमानिक असलेला, आणि नंतर मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारा हा माणूस. शिक्षकाची सवय त्याच्या लेखनातही दिसते : गणित फळ्यावर पूर्ण मांडल्याशिवाय तो पुढे जात नाही.

बीज एका खगोलशास्त्रीय दाव्यातून मिळाले. हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी हा जोडतारा खगोलशास्त्राच्या इतिहासात तसाही मानाचा. १८३८ मध्ये बेसेलने पराशयावरून अंतर मोजले ते याच ताऱ्याचे. १९४३ मध्ये के. स्ट्रँड यांनी या जोडीजवळ गुरूच्या सुमारे १६ पट वस्तुमानाची एक न दिसणारी वस्तू असल्याचे जाहीर केले. क्लेमेंटने ती वस्तू उचलली आणि तिच्यावर वस्ती करायची ठरवली. अडचण उघड होती. एवढ्या वस्तुमानाच्या ग्रहावर माणूस पाऊलही ठेवू शकणार नाही, मग कथा घडणार कशी? त्याने ग्रहाला गरगर फिरवले. मेस्क्लिनचा दिवस साधारण अठरा मिनिटांचा. या वेगामुळे ग्रह भाकरीसारखा चपटा होतो आणि विषुववृत्तावरचे बरेचसे वजन अपकेंद्री बलाने कमी होते. तिथे गुरुत्व पृथ्वीच्या तिप्पट. माणूस यांत्रिक आधाराने कसाबसा तग धरेल इतके. ध्रुवाकडे जाल तसे ते वाढत जाते, आणि कादंबरीत ध्रुवावर ते पृथ्वीच्या जवळजवळ ७०० पट आहे. आपल्या पृथ्वीवरही हा फरक असतोच, पण जेमतेम अर्ध्या टक्क्याचा.

हे गणित त्याने लपवले नाही. कादंबरी चालू असतानाच त्याच मासिकात ‘व्हर्लिगिग वर्ल्ड’ हा लेख लिहून त्याने ग्रह कसा रचला ते सांगितले, आणि लेखकाची चूक पकडणे हा वाचकाचा खेळ आहे असे आव्हानही दिले. वाचकांनी ते मनावर घेतले. ध्रुवावरचा आकडा अधिक नेटक्या गणिताने निम्म्याहून कमी भरतो, हे पुढे दिसून आले. स्ट्रँड यांची ती अदृश्य वस्तूही नंतरच्या निरीक्षणांत टिकली नाही. म्हणजे आधार गेला, आकडाही गेला. तरी कादंबरी का टिकली?

माझ्या मते उत्तर भयात आहे. कथेचा नायक बार्लेनन हा ‘ब्री’ नावाच्या जहाजाचा कप्तान, द्रव मिथेनच्या समुद्रावर फिरणारा व्यापारी. जेमतेम पंधरा इंच लांबीचा, गोमेसारखा अनेक पायांचा, जमिनीला चिकटून चालणारा. तो जिथला, तिथे एखादी वस्तू वीतभर उंचीवरून सुटली तर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने खाली आदळेल. पडताना ती दिसणारच नाही. सुधारित, कमी आकडा घेतला तरी फार फरक पडत नाही. अशा ठिकाणी ‘फेकणे’ या क्रियेला शब्द कुठून येणार? उडण्याची कल्पना तर वेडेपणाचीच. डोक्यावर काही जड असणे म्हणजे साक्षात मरण. म्हणून घरांना भिंती असतात, वर फार तर कापड. लॅकलँड हा पृथ्वीवरचा माणूस विषुववृत्ताजवळ बार्लेननला सहज उचलून आपल्या रणगाड्याच्या टपावर ठेवतो. तिथे बार्लेननची जी गाळण उडते, तो मला या कादंबरीतला सर्वांत खरा प्रसंग वाटतो. त्या जागी पडण्यात फारसा धोका नाही, हे त्याला बुद्धीने कळते. पण भय बुद्धीचे नसते, गावाचे असते. परक्या मुलखात आल्यावरही ते अंगात तसेच राहते.

इथे विज्ञान वेगळे काढून दाखवा पाहू. सातशे हा आकडा काढला तर हे भय उरत नाही, आणि भय काढले तर बार्लेनन उरत नाही. त्या लोकांचा नकाशाही असाच. दाट हवेत प्रकाश इतका वाकतो की क्षितिज चहूबाजूंनी वर उचलल्यासारखे दिसते. म्हणून त्यांच्या लेखी जग म्हणजे एक मोठा वाडगा, आणि नकाशा वाडग्याच्या आतल्या अंगावर काढलेला. त्याला अडाणी म्हणावे तर कसे? डोळ्यांना दिसले तेच त्यांनी प्रामाणिकपणे काढले.

पण गुणगानात वाहून जायला नको. भय सोडले तर या लोकांचे घर क्लेमेंटला फारसे दिसलेलेच नाही. बार्लेनन बोलतो न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या चतुर खलाशी व्यापाऱ्यासारखा. अख्ख्या कादंबरीत मेस्क्लिनची स्त्री नाही, मूल नाही, मेलेल्यांचे काय करतात याचा पत्ता नाही. सोळा वर्षांनी, १९६९ मध्ये, अर्सुला ले ग्विन यांनी गेथेन हा हिमग्रह उभा केला तेव्हा नातीगोती, राजकारण, दंतकथा, सारे त्या थंडीतूनच उगवले. गेथेनपुढे मेस्क्लिन बिनमाणसांच्या वाड्यासारखा वाटतो : चिरेबंदी, पण चूल न पेटलेला.

तरीही एका बाबतीत क्लेमेंट पुढे गेला आहे, आणि त्याकडे समीक्षकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. माणसांचे उपकरणांनी भरलेले एक यान ध्रुवाजवळ अडकले आहे. तिथे ते स्वतः जाऊ शकत नाहीत, म्हणून बार्लेननला धाडतात. आपल्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटावी. तिबेटात इंग्रजांना प्रवेश नव्हता, तेव्हा सर्वेक्षण खात्याने नैनसिंह रावत यांना पावले मोजायला शिकवून, शंभर मण्यांची जपमाळ हाती देऊन ल्हासापर्यंत पाठवले. मोजमापे त्यांची, नकाशा मात्र सरकारचा. (१८७७ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले, हेही खरे.)

बार्लेनन हा सौदा स्वीकारत नाही. वाटेत त्याने पाहिलेले असते की हे परके लोक वस्तू देतात, सल्ला देतात, पण ‘हे असे का होते’ विचारले की समजायला कठीण आहे म्हणून विषय बदलतात. त्याचा सहकारी डॉन्ड्रॅगमर मात्र कप्प्यांची जोडणी समजून घेतो आणि स्वतः करून दाखवतो. त्या छोट्याशा यशानेच पुढचे बळ मिळते. यान हाताशी आल्यावर बार्लेनन अडून बसतो. आम्हाला यंत्रे नकोत, विज्ञान शिकवा, अगदी मुळापासून. नाहीतर तुमची उपकरणे तिथेच राहतील. ही मागणी त्याने प्रवासभर मनात दडवून ठेवलेली असते, आणि वाचकही माणसांबरोबरच फसतो. या जागी लेखकातला शाळामास्तर आणि कथाकार एक झाले आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात उठून ‘सूत्र नको, सिद्धता सांगा’ म्हणावे आणि मास्तरांना आतून आनंद व्हावा, असा तो सूर आहे.

माणसे कबूल होतात आणि धडे सुरू होतात. शेवटच्या पानांत ‘ब्री’ समुद्रावर नाही. तापवलेल्या हायड्रोजनने फुगलेल्या पिशव्यांखाली ती तरंगते आहे, तेही ध्रुवाकडच्या त्या भयंकर गुरुत्वाच्या मुलखात. टपावर ठेवल्यावर गाळण उडालेला तोच कप्तान तिच्यावर आहे, आणि आता तो खाली पाहतो आहे.