शिखरावरचे मेज आणि घरातली वेदी

कझाकिस्तानची राजधानी अस्ताना येथे २००६ साली 'शांती आणि समेट प्रासाद' उभा राहिला. पोप जॉन पॉल दुसरे २००१ साली त्या देशात येऊन गेले. दोन वर्षांनी तेथे जगातील धर्मनेत्यांची पहिली परिषद भरली. या परिषदेला हक्काचे घर असावे म्हणून हा प्रासाद. ब्रिटिश वास्तुशिल्पी नॉर्मन फॉस्टर यांनी त्याला पिरॅमिडचा आकार दिला. त्याची उंची ६२ मीटर आणि पायाची प्रत्येक बाजूही तेवढीच.

कलाकृती म्हणून या वास्तूचे मोल मान्य केलेच पाहिजे. तळाशी ऑपेरागृह, मध्ये प्रशस्त चौक आणि शिखरावर धर्मनेत्यांसाठी गोलाकार मेज. अंधाराकडून प्रकाशाकडे नेणारा हा चढ आहे. शिखराच्या रंगीत काचांवर ब्रायन क्लार्क यांची कबुतरे आहेत. तेथील हिवाळा उणे चाळीस अंशांपर्यंत उतरतो, उन्हाळा चाळिशी गाठतो. म्हणून सांगाड्याला आकसण्या-प्रसरण्याची मोकळीक ठेवावी लागली. धर्माधर्मांतील संवादालाही अशीच मोकळीक लागते.

आकाराविषयी मात्र मन साशंक होते. कोणत्याही एका धर्माच्या उपासनागृहाची आठवण होऊ नये, हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु बायबल वाचणाऱ्याला पिरॅमिड पाहून फारोचा मिसर देश आठवतो: वर राजाचे वैभव, खाली मजुरांचा घाम. शिखरावरच्या मेजाभोवती नेते बसतात. सामान्य भाविकाची जागा कोठे?

याचे उत्तर त्याच देशातील कारागांडा शहरात सापडते. स्टालिनच्या राजवटीत पोलिश व जर्मन कुटुंबे तेथील माळरानावर हद्दपार झाली. तेरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत व श्रमछावण्यांत काढलेले धर्मगुरू व्लादिस्लाव बुकोव्हिन्स्की यांनी मायदेशी परतण्याची संधी नाकारली आणि कारागांडातील घराघरांत गुप्तपणे मिस्सा अर्पण केली. घरातले साधे मेज हीच त्यांची वेदी. १९७४ साली ते निवर्तले. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले.

आज कझाकिस्तानात कॅथलिक उपासना उघडपणे होते, ही कृतज्ञतेची बाब. तरीही २०११ च्या कायद्याने प्रत्येक धर्मसमूहाला नोंदणी सक्तीची केली. स्थानिक संस्थेसाठी किमान पन्नास सदस्य हवेत. मग वीस-पंचवीस जणांनी कोठे प्रार्थना करावी? ज्या राज्याने सलोख्यासाठी प्रासाद उभारला, त्याने हा प्रश्न टाळू नये.

पोप फ्रान्सिस २०२२ साली सातव्या परिषदेला गेले, तेव्हा त्यांचे भाषण पिरॅमिडमध्ये नव्हे, दुसऱ्याच सभागृहात झाले. संवाद वास्तूवाचून अडला नाही. शोमरोनी स्त्रीने प्रभू येशूला विचारले होते, उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? प्रभूने तिला दोहोंपलीकडे, आत्म्याकडे आणि सत्याकडे नेले. अस्तानाचा प्रासाद सुंदर आहे. पण त्याची खरी कसोटी शिखरावर नाही. कोणा अनोळखी घरात चार माणसे निर्भयपणे प्रार्थनेला बसू शकतात का, येथे ती लागते.