मसूर स्टेशन : एका इमारतीची दोन तोंडे

जुन्या रेल्वे स्टेशनांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते दगडी भिंती, कमानी आणि कौलांपाशी येऊन थांबते. फलाटावर कोण उभे होते, हा प्रश्न वास्तुकलेचा नव्हेच, असे या मंडळींनी परस्पर ठरवून टाकले आहे. (कमानी सुंदर असतीलही, त्यांच्याशी आमचे भांडण नाही.) सातारा जिल्ह्यातले मसूर स्टेशन त्यांच्यापुढे ठेवावेसे वाटते.

खेड्यातल्या स्टेशनाला दोन तोंडे असतात. एक रुळांकडे, दुसरे गावाकडे. मध्ये मास्तरची खोली आणि तिकिटाची खिडकी. रेल्वेने जात मोडली असे म्हणणाऱ्यांनी फक्त रुळांकडचे तोंड पाहिलेले असते. तिथे माणसाचा दर्जा तिकिटावरून ठरे : वरच्या वर्गाला बसायला खोली, तिसऱ्या वर्गाला उघडी पडवी. ही विषमता पैशाची. पण मोठ्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे होतेच. त्यातल्या कोणत्या पाण्याला अस्पृश्याने हात लावायचा होता?

१९०१ साली चार मुले वडिलांना भेटायला निघून संध्याकाळी मसूरला उतरली. त्यांतले एक म्हणजे बाबासाहेब. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. न्यायला कोणी आले नव्हते. तासाभराने मास्तर आला, त्याने तिकिटे पाहिली. कपडे नीटनेटके, तिकिटे खरी. तोवर ही मुले प्रवासी होती आणि मास्तरला त्यांची कणवही आली. मग त्याने विचारले, तुम्ही कोण? महार, हे उत्तर ऐकताच तो आपल्या खोलीत निघून गेला.

फलाटावरून त्यांना कोणी हाकलले नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. तिकिटाचा हक्क तेवढा होता. आणि तो तेवढाच होता. मास्तरची खोली ओलांडली की गाव सुरू होत होते, आणि तिथे दाराबाहेर उभ्या असलेल्या बैलगाड्यांना रेल्वेचे नियम लागू नव्हते. विटाळाच्या भीतीने एकही गाडीवान तयार होईना. अखेर त्याच मास्तरने तोड काढली : भाडे दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार.

वारसा म्हणून स्टेशनांचे नकाशे काढणाऱ्यांनी फलाटापासून गाडीतळापर्यंतचे अंतर पावलांत मोजावे. ते काटायला त्या चौघांना तासाहून अधिक वेळ लागला होता.