मळ्याचे नाव, गड्याचा आकडा

डहाणूत कॉफी पिकत नाही. इथे भात पिकतो, चिकू पिकतो, ताडावर मडकी लागतात. तरीही ‘स्पेशालिटी कॉफी’विषयी लिहिताना मला डहाणूपाशीच यावे लागते, त्याला कारण एक भिंत.

गेल्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका कॅफेत बसलो होतो. समोरच्या भिंतीवर वारली चित्र होते. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसे. शेजारच्या पाटीवर खडूने कॉफीची कुळकथा लिहिलेली: चिकमगळूरचा मळा, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाची जात, बी वाळवण्याची रीत. चित्राखाली मात्र चित्रकाराचे नाव नव्हते. आणि पाटीवर मळ्याचे नाव होते, तरी फळ खुडणाऱ्या हातांचे नव्हते.

‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्दप्रयोग १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॉफी-व्यापारी एर्ना नुट्सेन यांनी रूढ केला. विशिष्ट हवामातीत पिकलेल्या बीला स्वतःची चव असते, ती सरमिसळीत हरवू नये, हा त्यामागचा विचार. आज शंभरपैकी ८० वा अधिक गुण मिळवणाऱ्या कॉफीला हे नाव मिळते. या चळवळीची थट्टा करणे सोपे आहे; मला ती करायची नाही. पेल्यातली वस्तू कुठून आली, हे गिऱ्हाइकाने विचारावे, ही चांगलीच सवय आहे.

आपल्याकडच्या पेयगृहांनी याआधी वेगळे प्रश्न सोडवले होते. डहाणू-घोलवडच्या कितीतरी चिकूवाड्या इराणी कुटुंबांच्या. त्याच समाजाने मुंबईच्या नाक्यानाक्यावर चहाची हॉटेले थाटली. संगमरवरी टेबलाशी कोण कुणाशेजारी बसतो, हे तिथे फारसे पाहिले जात नसे, अशी त्यांची ख्याती. पुढे १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. वाढणाराच मालक झाला. इराण्याने बसण्याचा प्रश्न हलवला, कॉफी हाउसने मालकीचा. आजचा कॅफे उगमाचा प्रश्न विचारतो. पण त्याची चौकशी मळ्याच्या फाटकाशी थांबते.

ती तिथेच का थांबते, हे मला घरातल्या एका वहीने सांगितले. आमची छोटी चिकूवाडी होती. आजोबांच्या हिशोबात फळाची प्रतवारी, करंड्यांची संख्या, स्टेशनपर्यंतचे गाडीभाडे, सारे तारीखवार आहे. माणसांची नोंद मात्र अशी: ‘गडी ४, बाया ७’. लांब बांबूच्या जाळीने फळ उतरवणारे, त्याचा चीक हाताला चिकटवून घेणारे हे सारे वारली पाड्यांवरचे. वर्षानुवर्षे तेच येत असणार. नाव एकाचेही नाही.

आणि हे काही बिनइतिहासाचे गाव नव्हे. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी जमलेल्या वारल्यांनी फुकटची वेठ करणार नाही, असे ठरवले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्यात त्यांच्यावर गोळीबार झाला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आमच्याही कपाटात होते. वहीपासून हातभर अंतरावर.

डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०२१ च्या जूनमध्ये मानांकनाचा चिकू ब्रिटनला रवाना झाला. वारली चित्रांनाही २०१४ मध्ये मानांकन मिळाले. याचा मला आनंदच आहे. नाव नसलेला माल बाजारात भाव मागू शकत नाही. पण मानांकन जागेला मिळते. जागेचे नाव झाले की तिथल्या माणसाचे आपोआप होते, हा समज कॉफीच्या पाटीइतकाच अपुरा आहे.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक मजुराचे नाव खोक्यावर कसे छापणार? नावे छापल्याने मजुरी वाढत नाही, हेही खरे. म्हणून आंध्रातल्या अरकू खोऱ्याकडे पाहावे. तिथे आदिवासी शेतकरी स्वतःच्या तुकड्यावर कॉफी पिकवतात, त्यांची सहकारी संस्था आहे आणि २०१७ मध्ये अरकूच्या कॉफीचे दुकान पॅरिसला उघडले. तिथे उगम सांगताना माणूस गाळावा लागत नाही, कारण जमीन कसणाऱ्याकडे आहे. उगमाची गोष्ट पुरी होते ती मालकीपाशी, निदान मजुरीच्या दरापाशी.

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्राला चित्रकाराचे नाव मिळवून दिले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरी कॅफेतली भिंत अजून निनावीच. बिल देताना मी विचारले, हे चित्र कुणी काढले? काउंटरवरचा मुलगा अदबीने म्हणाला, “डेकोरेटरने लावलंय, सर.” कॉफीची उंची मात्र त्याला पाठ होती.

त्याला बोल लावायचा अधिकार मला नाही. ती वही अजून माझ्याच घरात आहे. या दिवाळीत डहाणूला जाईन तेव्हा ती घेऊन जवळच्या पाड्यावर जायचे ठरवले आहे. त्या चार गड्यांची आणि सात बायांची नावे सांगणारे कुणीतरी तिथे अजून असेल.